फ्रेंच आडनावाचा विकतचा रिपोर्ट: ३९ युरो गेले, उत्तर फुकटात मिळालं

आधी स्टार सांगते म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांचं काम होईल. विकत घेतलेल्या ‘तुमच्या आडनावाचा उगम आणि प्रसार’ रिपोर्टला पाचपैकी एक. इन्से या सरकारी सांख्यिकी संस्थेच्या आडनावांच्या फाइलला चार. आणि साव्वा या आल्प्समधल्या फ्रेंच भागाच्या जिल्हा आर्काइव्हच्या ऑनलाइन नकाशांना पाचच्या पाच, सहा देता आले असते तर सहा दिले असते.

कंपनीचं नाव इथे लिहीत नाही. सासरचं आडनावही लिहीत नाही, कारण ते इतकं कमी लोकांचं आहे की लिहिलं तर घरचा पत्ता दिल्यासारखंच होईल. एवढं सांगते की नवरा फ्रेंच, सासऱ्यांचं गाव साव्वाच्या दोन जिल्ह्यांपैकी ओत-साव्वामधे डोंगरात, आणि आडनावाच्या शेवटी ‘आ’ आणि ‘झेड’ ही अक्षरं येतात. लेकीला शाळेतून आडनावाचा अर्थ विचारून यायला सांगितलं होतं, सासऱ्यांना नक्की माहीत नव्हतं, नवऱ्याने कधी विचारच केला नव्हता, मग मी रात्री बसून हा रिपोर्ट ऑर्डर केला. पीडीएफ लगेच आली, दिसायला एकदम देखणी, सोनेरी बॉर्डर, वर ढाल आणि सिंह.

आणि आत पहिल्याच पानावर लिहिलंय की हे आडनाव स्पॅनिश असण्याची दाट शक्यता आहे, कारण शेवटी झेड आहे.

मी ते वाक्य तीनदा वाचलं. साव्वामधे शेवटचा झेड हा उच्चारायचा नसतोच मुळी! ला क्लुझाझ नावाचं स्की करायचं गाव आहे तिथे, तिथली जुनी माणसं त्याला ‘ला क्लुझ’ म्हणतात, म्हणजे ऐकू येतो तो झ स्पेलिंगमधल्या मधल्या एसचा, शेवटचा झेड नाहीच. शामोनीच्या स्पेलिंगच्या शेवटी एक्स आहे, तो कोणी बोलतं का? ही त्या भागातल्या जुन्या बोलीची, म्हणजे फ्रँको-प्रोव्हांसालची, लिहायची पद्धत आहे. शेवटच्या स्वरावर जोर द्यायचा नाही हे दाखवायला लेखनिक झेड लावायचे आणि जोर द्यायचा असेल तिथे एक्स. पुढे बाहेरच्या लोकांनी तो छापील झेड बघून उच्चारायला सुरुवात केली हा भाग वेगळा. ‘प्राझ’ म्हणजे कुरण, त्यावरून द्युप्राझ हे आडनाव, म्हणजे कुरणापाशी राहणारा. त्याच अर्थाचं द्युप्रे इतर ठिकाणी दिसतं आणि नैऋत्येकडे द्युप्रा, ज्याच्या शेवटी टी असतो. अर्थ एकच, पण स्पेलिंगवरून कळतं की माणूस कुठल्या भागातला. आडनावांची माहिती विकणाऱ्या कंपनीला हे माहीत नसेल तर ती नक्की काय विकतेय?

दुसऱ्या पानावर घराण्याचं चिन्ह. खाली टीप की हे १६९६ च्या फ्रान्सच्या शाही नोंदणीतून घेतलंय. आता ही नोंदणी खरी आहे, चौदाव्या लुईने नोव्हेंबर १६९६ मधे फर्मान काढून सुरू केली, युद्धासाठी पैसा हवा होता म्हणून, नोंदणीची फी होती, आणि ज्यांनी चिन्ह आणून दिलं नाही अशा कितीतरी लोकांना अधिकाऱ्यांनी बसल्या बसल्या चिन्हं बनवून चिकटवली. जवळपास १,२०,००० चिन्हं त्यात आहेत आणि ती सरदारांचीच असं अजिबात नाही, व्यापारी आणि कारागीरसुद्धा त्यात आहेत. पण मुद्दा असा की १६९६ ला साव्वा फ्रान्समधे नव्हतंच, ती स्वतंत्र डची, म्हणजे ड्यूकचं राज्य, होती. क्रांतीच्या वेळचा १७९२ पासूनचा काही काळ सोडला तर ते कायमचं फ्रान्सला मिळालं ते थेट १८६० मधे. म्हणजे तो सिंह आमच्या लोकांचा असायचं काही कारण नाही, दुसऱ्या कुठल्यातरी प्रांतातल्या मिळत्याजुळत्या नावाच्या माणसाचा असणार. आणि चिन्ह हे एका कुटुंबाचं असतं, त्या आडनावाच्या सगळ्यांचं नसतं. एवढी साधी गोष्ट दडवून लोकांना ढाली विकणं मला पटत नाही.

तिसरं पान म्हणजे आकडा. ‘आज जगात इतके लोक हे आडनाव लावतात’, आणि बाजूला रंगीत नकाशा. कुठल्या वर्षीचा आकडा, कुठून आणला, कुठली स्पेलिंग धरली, काहीच नाही. मेल करून विचारलं तर उत्तर आलं की आमची पद्धत गोपनीय आहे. तिथे माझा विश्वास संपला.

मग मी स्वतः शोधायला बसले आणि खरं सांगते, पुढचे तीन आठवडे फार छान गेले.

सुरुवात इन्सेच्या फाइलपासून केली. कोणालाही फुकट डाउनलोड करता येते, साधी टेक्स्ट फाइल आहे, दिसायला काही नाही, पण प्रामाणिक आहे. १८९१ ते २००० मधे फ्रान्समधे जन्मलेल्या लोकांची आडनावं, दर दहा वर्षांचा आकडा वेगळा, आणि जिल्हावार पण मिळते. या काळात ३० पेक्षा कमी वेळा आलेलं आडनाव मात्र वेगळं दाखवत नाहीत, सगळी मिळून ‘इतर आडनावं’ अशा एका ओळीत टाकतात. पहिल्यांदा मला त्याचा राग आला, कारण दुर्मिळ नावंच तर मला बघायची होती, पण विचार केला तर ते बरोबर आहे, दहा-बारा माणसांचं आडनाव आणि जिल्हा छापला तर माणूसच ओळखू येईल. आमच्या आडनावाची एक स्पेलिंग फाइलमधे सापडली, दुसरी नाही. ती दुसरी मला जेओपात्रोनीम नावाच्या साइटवर मिळाली, तिथे इन्सेचाच जुना डेटा वापरून नकाशे केलेत, १८९१-१९१५, १९१६-१९४०, १९४१-१९६५ आणि १९६६-१९९० असे चार टप्पे, आणि तिथे एखाद्याच जन्माचं आडनाव असलं तरी दिसतं. तेरा लाखांच्या आसपास आडनावं आहेत त्यात. मार्तां हे सगळ्यात जास्त लोकांचं, दोन लाखांच्या वर, आणि खाली कितीतरी अशी की बोटांवर मोजावीत.

पण आकडा वाचायचा कसा हे आधी समजून घ्या, नाहीतर तुमचीही फसगत होईल. हे जन्म आहेत, आज जिवंत असलेली माणसं नाहीत. ज्या सरकारी रजिस्टरवरून हे काढलंय ते १९४६ मधे तयार झालं, त्यामुळे त्याआधी वारलेली कितीतरी माणसं त्यात नाहीत, पहिल्या महायुद्धात गेलेली पोरं नाहीत, तान्हेपणी गेलेली बाळं नाहीत. फ्रान्सबाहेर जन्मलेले नाहीत. आणि जन्माचं आडनावच धरलंय, लग्नानंतरचं नाही. फ्रान्समधे कायद्याने बाईचं आडनाव लग्नाने बदलत नाही, नवऱ्याचं फक्त वापरायला मिळतं. आता आमचंच घर घ्या. पत्रपेटीवर एकच आडनाव, तीन माणसं. नवरा त्या आकड्यात आहे. मी नाही, कारण माझं जन्माचं आडनाव वेगळं आणि जन्म इथला नाही. लेकही नाही, कारण ती २००० नंतरची. तिघांतला एक मोजला गेला! आणि विकतचा रिपोर्ट म्हणतो ‘आज इतके लोक’.

नकाशा बघताना अजून एक गोष्ट. अलीकडच्या टप्प्यांत आमचं आडनाव डोंगरातल्या गावांतून गायब होऊन एकदम आन्सी शहरात दिसायला लागतं. मला वाटलं सगळे शहरात गेले. सासरे हसले आणि म्हणाले, अगं आधी बायका घरी बाळंत व्हायच्या, मग आन्सीच्या हॉस्पिटलात जायला लागल्या, जन्माची नोंद जिथे बाळ जन्मलं तिथे. म्हणून मूळ गाव शोधायचं असेल तर सगळ्यात जुना टप्पाच बघा, १८९१-१९१५ चा. तिथे आमचे सगळे ठिपके एका दरीतल्या तीन गावांत होते, आणि थोडे पॅरिस आणि लियाँमधे, जे समजू शकतं कारण साव्वाची गरीब पोरं धुराडी साफ करायच्या कामाला आणि हमालीला शहरात जायची.

महायुद्धात गेलेल्यांसाठी फ्रेंच संरक्षण मंत्रालयाची ‘मेम्वार देझॉम’ ही साइट आहे, १९१४-१८ मधे देशासाठी मेलेल्यांची तेरा लाखांहून जास्त कार्डं स्कॅन केलेली, आडनावाने शोधता येतं. आमचे दोन सापडले. एकाच गावचे. मी ती कार्डं प्रिंट करून सासऱ्यांना दिली, ते बराच वेळ काहीच बोलले नाहीत, मग म्हणाले यातला एक आमच्या आजोबांचा भाऊ असणार, घरात नुसतं त्याचं पहिलं नाव माहीत होतं.

आता खरा खजिना. अठराव्या शतकात साव्वाच्या ड्यूकने, जो तेव्हा सार्डिनियाचा राजाही होता, जमिनीवर नीट कर बसवायचा म्हणून सगळ्या मुलुखाची मोजणी करवली, साधारण १७२८ ते १७३८ मधे, त्याला ‘माप सार्द’ म्हणतात, सहाशेहून जास्त गावांचे नकाशे, शेताच्या प्रत्येक तुकड्याला नंबर, आणि सोबतच्या वह्यांत त्या नंबरचा मालक कोण, त्या तुकड्याला गावात काय म्हणतात, कुरण आहे का जंगल का शेत, जमिनीचा कससुद्धा. युरोपात इतक्या लवकर इतक्या बारकाईने असं काम फार कमी ठिकाणी झालंय. दोन्ही साव्वा जिल्ह्यांच्या आर्काइव्हनी हे ऑनलाइन ठेवलंय, घरी बसून झूम करून बघायचं. हस्ताक्षर वाचायला पहिले दोन दिवस जड जातं, मग डोळा बसतो.

तिथे आमचं आडनाव दोनदा मिळालं. एकदा माणसांचं आडनाव म्हणून, सहा-सात मालक, आणि एकदा वाडीचं नाव म्हणून. त्या भागात वाड्यांची नावं ‘शे अमुक’ अशी खूप असतात, म्हणजे अमुकांकडे. तर आमची वाडी या लोकांवरून पडली का लोक वाडीवरून, हे त्या एका वहीवरून ठरत नाही. पण वाडीच्या नावात ‘शे’ नाहीये, नुसता शब्द आहे, आणि त्याच शब्दाने अजून दोन गावांत शेताचे तुकडे आहेत जिथे या आडनावाचं कोणीच नाही. यावरून मी तरी असं धरते की शब्द आधी जमिनीचा आणि मग माणसांचा. स्पॅनिश वगैरे काही नाही, डोंगरउतारावरच्या एका तुकड्याचं नाव आहे ते.

स्पेलिंगचंही तिथेच कळलं. एकाच वहीत एकाच माणसाला झेड आहे आणि नाही. लेखनिकाने जे ऐकलं ते लिहिलं. फ्रान्समधे बाप्तिस्म्याच्या नोंदी ठेवायचा हुकूम १५३९ चा, नगरपालिकेची नागरी नोंदणी १७९२ ची, पण सामान्य घरांची स्पेलिंग खऱ्या अर्थाने पक्की झाली ती १८७७ पासून कुटुंबाची पुस्तिका घरोघर दिली जायला लागली तेव्हा. म्हणून आमच्या चुलत घराण्याचं ‘वेगळं’ आडनाव हे वेगळं नाहीच, कुणा क्लार्कने एक अक्षर सोडलं एवढंच. विकतच्या रिपोर्टने त्यांना परकं ठरवलं होतं!

दुर्मिळ म्हणजे जुनं असंही नसतं बरं का. आयफेल घ्या. टॉवरवाल्या गुस्ताव आयफेलच्या घराण्याचं मूळ आडनाव ब्योनिकहाउझेन, पूर्वज जर्मनीतल्या आयफेल नावाच्या डोंगराळ भागातून आला, फ्रेंचांना नाव बोलता येईना म्हणून गावाकडचं नाव जोडून घेतलं, आणि कायदेशीर बदल गुस्तावने स्वतः करून घेतला तो १८८० मधे, म्हणजे टॉवर उभा राहायच्या नऊच वर्षं आधी. ब्योनिकहाउझेन टॉवर म्हणून बघा.

आणि ज्यांचं आडनाव संपत आलंय त्यांच्यासाठी एक कामाची गोष्ट, रिपोर्टमधे ही असायला हवी होती. फ्रेंच नागरी संहितेच्या ६१ व्या कलमाखाली, पूर्वजांचं आडनाव नामशेष होऊ नये म्हणून ते घ्यायची परवानगी मागता येते, नात्याच्या चौथ्या पायरीपर्यंत (कायद्यातली ‘चौथी डिग्री’). आणि १ जुलै २०२२ पासून सज्ञान माणसाला आईचं किंवा वडिलांचं आडनाव घ्यायचं असेल तर नगरपालिकेत अर्ज देऊन होतं, आयुष्यात एकदा. २००५ पासून मुलांना आईचं किंवा दोघांचं मिळून देता येतंच. नवऱ्याच्या आत्याला हे माहीतच नव्हतं, तिच्या मुलाने आता फॉर्म आणलाय.

पैसे परत मागितले, डिजिटल माल परत घेत नाही असं उत्तर आलं. तुम्हाला असा रिपोर्ट घ्यायचाच असेल तर आधी मेल करून दोन प्रश्न विचारा, आकडा कुठल्या वर्षांचा आणि सगळ्यात जुनी नोंद कुठल्या गावची. उत्तर नाही आलं तर कार्ड काढू नका. साव्वाबाहेरच्यांना माप सार्द नाही, पण जिल्हा आर्काइव्ह सगळीकडे आहेत, जन्म आणि लग्नाच्या नोंदी ७५ वर्षांनी खुल्या होतात, बहुतेक जिल्ह्यांनी स्कॅन करून ठेवल्यात. फक्त पॅरिसवाल्यांना त्रास, १८७१ च्या मेमधे पॅरिस कम्यूनच्या बंडात लागलेल्या आगीत १८६० च्या आधीच्या नोंदींच्या दोन्ही प्रती जळाल्या आणि त्यातल्या साधारण एक तृतीयांशच पुन्हा उभ्या करता आल्या.

लेकीने शाळेत ढाल-सिंह नेला नाही. नकाशाचा तो तुकडा नेला, त्यावर तिने आमच्या वाडीभोवती हिरव्या पेनने गोल केलाय आणि खाली शेतांचे नंबर लिहिलेत.