आधी तपासणी, मग सुई : फाट्यावरच्या गुरांच्या दवाखान्याविषयी

लातूर जिल्ह्यात उदगीर आणि देवणी या दोन तालुक्यांच्या शिवेवर, आमच्या गावच्या फाट्यावर, मोठ्या जनावरांचा एक खाजगी दवाखाना आहे. पाटीवर डॉक्टरांची नावे, पदवी आणि राज्य पशुवैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक लिहिलेला असला, तरी पंचक्रोशीत त्याला कोणी नावाने ओळखत नाही. ‘फाट्यावर न्या’ एवढे म्हटले की भागते. एक डॉक्टर दांपत्य तो चालवते. साहेब बहुतेक वेळ मोटारसायकलवर आखाड्या-आखाड्यांवर, म्हणजे शेतातल्या गोठ्या-वस्त्यांवर, फिरतात, तर मॅडम दवाखान्यात आलेली जनावरे, रक्ताची तपासणी आणि नोंदवही सांभाळतात. गाय विताना अडल्याचा निरोप आला की मात्र त्याही निघतात, आणि त्यांचा हात लहान असल्यामुळे अशा कामाला त्यांनाच बोलवा, असे गावातल्या जाणत्या बाया आवर्जून सांगतात. देवणी जातीच्या बैलांची एक जोडी, दोन देवणी गाई, एक संकरित गाय आणि एक म्हैस अशी आमची दावण गेली काही वर्षे त्यांच्याच उपचाराखाली आहे, आणि त्या अनुभवावरून हा अभिप्राय लिहीत आहे.

या दवाखान्याचा मोठा गुण असा, की येथे तपासल्याशिवाय सुई टोचली जात नाही. शहरातल्या वाचकाला यात विशेष काय असे वाटेल. पण आमच्या भागात पदवी नसताना गाडीच्या डिकीत औषधे घेऊन फिरणारी मंडळी काही कमी नाहीत, आणि जनावराने वैरण सोडली की ताप मोजण्याआधीच प्रतिजैविक, वेदनाशामक आणि जोडीला स्टेरॉइड अशी तीन इंजेक्शने देऊन मोकळे होण्याची त्यांची पद्धत सर्वांच्या परिचयाची आहे. त्या सुयांनी संध्याकाळपुरते जनावर तरतरीत दिसते, मालक खूश होतो, आणि मूळ आजार आत तसाच राहतो. फाट्यावर याच्या उलट क्रम चालतो. आधी थर्मामीटर, मग डाव्या भकाळीवर, म्हणजे बरगड्यांमागच्या खळग्यावर, मूठ दाबून रवंथाची हालचाल, मग डोळ्याची आतली बाजू, मग खांद्यापुढची गाठ, आणि शेण कसे पडले याची चौकशी. एवढे झाल्याशिवाय बॅग उघडत नाही.

पावसाळ्यात आमच्या संकरित गाईला 105 अंशांच्या वर ताप चढला आणि खांद्यापुढची गाठ लिंबाएवढी सुजली, तेव्हा मॅडमनी कानाच्या शिरेतून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेतला, गाठीतूनही बारीक सुईने नमुना काढला, दोन्ही पट्ट्या जांभळ्या रंगात बुडवून सुकवल्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहून थायलेरिया, म्हणजे आपला गोचीड ताप, असे निदान केले. त्यावरचे बुपारव्हाक्वोन हे औषध महाग असते. निदान नसताना ते कोणी सहसा देत नाही, आणि निदान झाल्यावर मात्र त्याला पर्याय शोधत बसण्यात अर्थ नसतो. गाय वाचली. त्याहून मला मोलाचे वाटले ते हे, की दुसऱ्या भेटीत डॉक्टरांनी गाईपेक्षा गोठ्याच्या भिंतींच्या फटींत अधिक लक्ष घातले, कारण गोचीड आपला बराच काळ जनावराच्या अंगावर नव्हे तर तिथे काढते.

संकरित गाय पाळणाऱ्याने हा दवाखाना पारखायचा तर दुग्धज्वराच्या, म्हणजे व्याल्यावर रक्तातले कॅल्शियम घटून गाय बसते त्या आजाराच्या, वेळी पारखावा. आमच्या शेजारच्या आखाड्यावरची गाय तिसऱ्या वेताला व्याली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे उठेना. मान वळवून तोंड कुशीला लावलेले, कान गार, नाकपुडी कोरडी, आणि ताप तर नाहीच, उलट अंग थंड पडत चाललेले. घरातल्यांनी गूळपाण्याचा तांब्या तयार ठेवला होता. साहेबांनी फोनवरच बजावले, की तोंडात काहीही घालू नका, गाईला गिळता येत नाही, पाजलेले सगळे फुप्फुसात जाईल. तिला आडवी पडू देऊ नका, दोन्ही बाजूंना कडब्याच्या पेंढ्या लावून छातीवर बसती ठेवा. ते आले तेव्हा कॅल्शियमची 450 मिलिलिटरची बाटली त्यांनी आधी कोमट पाण्याच्या बादलीत ठेवली. मग मानेच्या शिरेत सुई घातली आणि एका हाताने बाटली धरून, दुसऱ्या हाताने छातीला स्टेथोस्कोप लावून, ठोके ऐकत थेंबाथेंबाने औषध सोडले. मध्येच ठोके चुकल्यासारखे वाटले तेव्हा नळी चिमटून काही वेळ नुसतेच थांबले. बाटली उंच धरून पाच मिनिटांत रिकामी करणारे मी पाहिले आहेत, आणि तशाने गाय दगावलेलीही पाहिली आहे, कारण हे औषध घाईने शिरेत गेले तर हृदयच थांबते. अर्धी बाटली गेल्यावर गाईच्या अंगावर थरथर उठली, तिने ढेकर दिला, शेण टाकले, आणि थोड्या वेळाने पुढचे गुडघे टेकून ती उभी राहिली. जमलेली माणसे डॉक्टरांना नमस्कार करू लागली, तर ते मालकाला सांगत होते, की पहिले काही दिवस कास पूर्ण रिकामी करू नका आणि आज पुन्हा बसली तर लगेच कळवा.

उपचाराचा कागद मिळतो, हाही मोठाच विशेष. त्यावर औषधाचे नाव, मात्रा आणि ‘या तारखेपर्यंत दूध डेअरीला घालू नये’ अशी स्पष्ट ओळ असते. दगडीच्या, म्हणजे कासेच्या सुजेच्या, उपचारात सडात नळीने औषध सोडल्यावर दूध किती दिवस वगळायचे, हे कोणी विचारत नाही आणि सहसा कोणी सांगतही नाही; येथे ते न विचारता लिहून मिळते, आणि त्यावरून गिऱ्हाईक रागावले तरी ती ओळ खोडली जात नाही. वेदनाशामक म्हणून मेलॉक्सिकॅम वापरतात. जनावरांसाठी डायक्लोफिनॅकवर 2006 पासून आणि किटोप्रोफेन व अ‍ॅसिक्लोफिनॅकवर 2023 पासून बंदी आहे, कारण अशी औषधे दिलेल्या जनावराचे मढे खाऊन गिधाडे मरतात. आमच्या शिवारात गिधाड पाहिलेली पिढी आता म्हातारी झाली, तरीही माणसांच्या औषधाच्या दुकानातून ‘तेच लाल औषध द्या’ असा आग्रह धरणारे येतात आणि मॅडमकडून समजूत ऐकून परत जातात.

नोंदवही पाहण्यासारखी आहे. जनावराच्या कानातल्या बिल्ल्याचा 12 अंकी क्रमांक तर असतोच, पण शेजारी देवणीच्या वानेरा, बाळंक्या आणि शेवरा या रंगप्रकारांपैकी कोणता हेही लिहिलेले असते, आणि देवणी गाईला रेतन करताना त्याच जातीच्या वळूची रेतमात्रा वापरायची की संकर करायचा, हे मालकाला आधी विचारले जाते. शुद्ध देवणी बैलाला हाळी हंडरगुळीच्या बाजारात जो भाव येतो, तो पाहता हा प्रश्न विचारणे हीच एक सेवा आहे.

उणिवाही स्पष्ट सांगायला हव्यात. दर पाटीवर लिहिलेले असले आणि ते अंतराप्रमाणे ठरत असले, तरी लहान शेतकऱ्याला ते जड जातात. सोयाबीनचे पैसे हातात येईपर्यंत उधारी चालते खरी, पण ती मागताना माणूस संकोचतो. शेळ्यांकडे लक्ष कमी दिले जाते. उस्मानाबादी शेळी म्हणजे भूमिहीन बाईची बँकच, पण रांगेत बैल असला की शेळी मागे पडते, आणि हे मला पटत नाही. तपासताना जनावर अडकवण्याचा खोडा एकच आहे आणि त्यावर पत्र्याचे छप्पर नाही, त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत दुपारी तिथे जनावर बांधणे म्हणजे आजारात उन्हाची भर. रात्रीच्या फोनला उत्तर मिळते, मात्र दोघेही दूरच्या गावी असले तर वाट पाहावी लागते. पोट उघडून तार किंवा प्लास्टिक काढण्यासारख्या मोठ्या शस्त्रक्रिया ते येथे करत नाहीत, उदगीरच्या पशुवैद्यक महाविद्यालयात पाठवतात. काहींना ही टाळाटाळ वाटते. माझ्या मते आपल्या हाताची मर्यादा ओळखून वेळेत चिठ्ठी देणारा डॉक्टर बरा. जनावर टेम्पोत चढवण्याइतके सशक्त असतानाच ती चिठ्ठी मिळते, हे महत्त्वाचे.

सरकारी दवाखान्याशी तुलना अपरिहार्य आहे, आणि ती सरसकट कोणाच्या बाजूने करता येत नाही. लाळ्या-खुरकुताचे लसीकरण सरकारी यंत्रणाच करते आणि त्यासाठी खाजगीकडे पैसे मोजण्याचे कारण नाही. फाट्यावरचे डॉक्टरही हेच सांगतात आणि पावसाळ्यापूर्वी घटसर्प व फऱ्याची लस टोचून घेतली का, हे विचारून लोकांना तिकडेच पाठवतात. 1962 क्रमांकावर फोन केला की फिरते पथक मिळू शकते, हेही त्यांच्या भिंतीवर ठळक लिहिलेले आहे. आपल्या धंद्याच्या जागी सरकारी सेवेचा क्रमांक लिहिणारा व्यावसायिक मी दुसरा पाहिलेला नाही. 2022 मध्ये लम्पी आला तेव्हा, हा विषाणूचा आजार आहे, प्रतिजैविकाने गाठी विरणार नाहीत, ते फक्त जखमा चिघळू नयेत म्हणून, असे त्यांनी दारोदार सांगितले आणि प्रत्येक जनावराला नवी सुई वापरली. त्या महिन्यांत भीतीपोटी लोक मागेल ते पैसे देत होते, तेव्हा यांचे दर पाटीवर होते तेच राहिले.

नव्याने जाणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. गाभण तपासणीसाठी सकाळी लवकर जावे, कारण उन्हे वर आली की साहेब फेरीवर निघतात. रेतन कोणत्या तारखेला केले ते कागदावर लिहून न्यावे, आणि त्याला दोन महिने झाले नसतील तर जनावर चालवत नेण्याची घाई करू नये. आखाड्यावर बोलावणार असाल तर फोनवर जनावराने शेवटचे कधी खाल्ले, शेण व लघवी कशी आहे आणि ते केव्हा व्याले, एवढे नीट सांगावे, म्हणजे लागणारी औषधे बरोबर घेऊनच ते निघतात. कोमट पाणी, साबण आणि जनावर धरायला दोन माणसे आधीच तयार ठेवावीत. हाळी हंडरगुळीच्या बाजाराच्या दिवशी फाट्यावर टेम्पोंची गर्दी असते, त्या दिवशी तातडीचे काम नसेल तर जाऊ नये.