बुटके शॉकअप बसवून घेताय? आधी स्प्रिंगची टोकं बघा

मागचे शॉकअप बदलून मोटरसायकल खाली करता येते, यात खोटं काहीच नाही. उंची कमी असणारे कितीतरी जण करून घेतात. लबाडी होते ती मालात, आणि टेप लावून ती सापडत नाही, कारण लांबी अगदी सांगितल्याप्रमाणेच असते.

सिग्नलला माझे पाय नीट टेकत नसत. गॅरेजवाला म्हणाला, "ताई, कंपनीचे 340 मिमीचे आहेत, आपण 300 चे टाकू. बाकी सगळं तेच. नवेकोरे, गॅसचे." शॉकअपच्या बाजूला चकचकीत डबीही होती, गॅस तिच्यात असतो म्हणे. गाडी खाली आली, टाचा टेकल्या, पैसे दिले. माझे मूळ शॉकअप मागितले तर "भंगारात गेले" असं उत्तर. चांगल्या स्थितीतले शॉकअप इतक्या तातडीने भंगारात कसे जातात, हा प्रश्न मी तेव्हाही विचारला होता. त्याने हसून विषय बदलला.

मग एकेक गोष्ट समोर येऊ लागली. गाडी साइड स्टँडवर जवळजवळ सरळ उभी राहायची, जरा धक्का लागला की पलीकडे कलंडेल अशी. मेन स्टँडवर घ्यायची तर गाडी पूर्वीपेक्षा जास्त उचलावी लागायची. हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जायचा. हँडल जड झालं आणि वळणावर गाडी बाहेर ओढू लागली. इथपर्यंतचं सगळं अस्सल माल टाकला तरी होतं. नुसता मागचा भाग खाली आला की पुढचा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या नळ्यांची जोडी, आणखी तिरका होतो, म्हणून त्या नळ्याही त्यांना धरणाऱ्या क्लॅम्पमध्ये थोड्या वर सरकवाव्या लागतात. त्याने यातलं अवाक्षर काढलं नव्हतं. साइड स्टँड मात्र कापून पुन्हा वेल्डिंग करून दिला, त्याचे पैसे वेगळे.

मागे कोणी बसलं की स्पीडब्रेकरवर धाडकन आवाज यायचा. एकदा जळक्या रबराचा वास आला आणि टेल लॅम्प बंद. मडगार्डच्या आतून जाणारी वायर टायरने घासून तोडली होती. गॅरेजवाल्याचं उत्तर ठरलेलं, "नवीन आहेत ना, बसायला वेळ लागतो." घासून वायर तुटण्याचा आणि नवेपणाचा संबंध काय, हे त्यालाच ठाऊक.

शेवटी दुसऱ्या मेकॅनिककडे ते उतरवले. त्याने आधी स्प्रिंगचं टोक दाखवलं. कारखान्यातून आलेल्या अशा स्प्रिंगचा शेवटचा वेढा सहसा आधीच्या वेढ्याला टेकलेला असतो आणि टोक घासून सपाट केलेलं असतं, म्हणजे ती बैठकीवर सगळीकडून सारखी बसते. माझ्या स्प्रिंगचं एक टोक तसं होतं. दुसरं ग्राइंडरने कापलेलं, उघडं, वरून काळा रंग मारलेला. नखाने खरवडला तर खालून गंज निघाला. कुठल्यातरी हलक्या गाडीचे जुने शॉकअप होते ते.

वेढे कमी केले की स्प्रिंग खरं तर कडक होते, म्हणून हाताने दाबून बघणाऱ्याला ती दमदार वाटते. पण तिची मोकळी लांबी घटलेली असते. गाडी आधी नुसतीच खाली बसते आणि खड्ड्यासाठी चाकाला हालचाल उरतच नाही. खड्ड्यात चाक खाली लोंबकळलं की स्प्रिंग आपल्या जागी सैल पडून खुळखुळते, तो आवाज मी चेनचा समजत होते.

मग स्प्रिंग काढून त्याने दांडा आत ढकलला. गॅस भरलेल्या शॉकअपचा दांडा सोडल्यावर आपोआप, सावकाश बाहेर येतो. हा आत गेला तो आतच राहिला, आणि सायकलच्या पंपासारखा विनाअडथळा पुढेमागे होत होता. म्हणजे गॅस नाही आणि तेलही जवळपास संपलेलं. ती चकचकीत डबी दोन स्क्रूंवर नुसती अडकवलेली, आत भोकसुद्धा नव्हतं. पूर्ण दबल्यावर जो रबरी ठोकळा आघात झेलतो, तोही काढून टाकलेला. त्यामुळेच टायर मडगार्डपर्यंत पोचत होता.

नीट बनवलेल्या बुटक्या शॉकअपची पूर्ण दबलेली लांबी मूळ शॉकअपपेक्षा कमी नसते. हालचाल कमी ठेवलेली असते आणि तिला झेपेल अशी स्प्रिंग असते. हे तपासायला फार वेळ लागत नाही. स्प्रिंग काढून नुसता शॉकअप गाडीला लावायचा, चाक वर उचलून तो पूर्ण दाबायचा आणि टायर कशाला टेकतो का ते बघायचं. पैसे देण्याआधी हे समोर करून दाखवायला सांगा. "त्याची गरज नाही" म्हणणाऱ्याकडून गाडी परत न्या. आणि मूळ शॉकअप काढले की लगेच स्वतःच्या ताब्यात घ्या, सगळ्यात सोपी चोरी तीच आहे.

पैसे परत मागायला गेले तेव्हा तो म्हणाला, "ताई, दुसरी जोडी लावून देतो." पावतीवर फक्त 'शॉकअप काम' लिहिलेलं. नवे की जुने, कुठल्या मापाचे, काही नाही. तुम्ही मात्र या गोष्टी पावतीवर लिहून घ्या, कारण भांडायला माझ्या हातात कागदच नव्हता.

आता कंपनीचे शॉकअप पुन्हा बसवलेत आणि सीटचा फोम दोन्ही बाजूंनी उतरवून घेतलाय. पाय पूर्वीपेक्षा बरे टेकतात आणि सस्पेन्शनला हातही लावावा लागला नाही. फक्त त्याने कापलेला साइड स्टँड आता या उंचीला आखूड पडतो. गाडी इतकी कलते की भरल्या टाकीने उभी करायची भीती वाटते, म्हणून नवा स्टँड मागवलाय.