जावाची धर्मराजाची बाहुली: माल चोख, चिठ्ठी कच्ची

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका हस्तकलेच्या दुकानातून जावाची चामडी बाहुली घेतली, साडेचार हजारांना. महागच, पण माल खरा. म्हशीचं कातडं, दोन्ही बाजूंनी रंगवलेलं, मधली दांडी शिंगाची. दिव्यासमोर धरली की कोरलेलं एकेक भोक भिंतीवर उमटतं. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या चामडी बाहुल्या पाहिलेल्यांना ही जात ओळखीची वाटेल, फक्त हिचे हात गुडघ्याखाली पोचतात. डाव्या हाताची काडी सैल निघाली, ती दोऱ्याने आवळून घेतली.

तक्रार आहे सोबतच्या चिठ्ठीबद्दल. ‘इंडोनेशियन महाभारत, शोपीस’, संपलं! अहो, हा पुंतदेव, आपला धर्मराज. मान खाली, अंगावर दागिना नाही. शेजारच्या खुंटीवरचा रावण याच्यापेक्षा चौपट नटलेला.

आणि याची खरी गोष्ट चिठ्ठीत नाहीच. वायांगच्या, म्हणजे जावाच्या छायाबाहुल्यांच्या, खेळात धर्मराजाकडे ‘कलिमसद’ नावाची दैवी पोथी असते, पांडवांचं सगळ्यात मोठं अस्त्र. जावाची लोककथा सांगते की ती जवळ असेतो त्याला मरण नव्हतं, आणि आत काय लिहिलंय ते त्याला कळत नव्हतं. भाऊ गेले, युग सरलं, हा आपला रानोमाळ भटकतोय. शेवटी भेटले सुनान कलिजगा, जावात इस्लाम रुजवणाऱ्या नऊ वलींपैकी, म्हणजे संतांपैकी, एक. त्यांनी पोथी उलगडून सांगितली: अल्लाहशिवाय ईश्वर नाही, मुहम्मद त्याचे प्रेषित. म्हणजे कलिमा शहादत, इस्लामवरच्या श्रद्धेची ग्वाही! तो उमगला आणि धर्मराज सुटला. कुराणात ही दोन वाक्यं वेगवेगळी येतात, पहिलं ४७ व्या सुरेत (अध्यायात), दुसरं ४८ व्या. इथे ती जोडीने पांडवांच्या घरी नांदतात. पाच पांडव म्हणजे इस्लामचे पाच स्तंभ, त्यात थोरल्याकडे शहादत, अशीही मांडणी तिकडे करतात. रात्रभर एकटा दलांग, म्हणजे बाहुल्या नाचवणारा, सगळ्यांचे आवाज काढत हे रंगवतो, आणि समोर बसलेले बहुतेक मुसलमान. कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. मला तर हेच साडेचार हजारांचं वाटलं.

दुकानदारांना हे सांगितलं तर म्हणाले, “तुम्हीच लिहून द्या ने, छापून लावतो.” दिलंय लिहून. घेणार असाल तर काचेच्या फ्रेममध्ये कोंबू नका, दिव्यासमोर हलवून बघा. आणि बडोद्याच्या पावसाळ्यात कातडं वळतं, तेव्हा दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट ठेवा.