क्रॅम्पॉन, चौदा महिन्यांनी: दाते झकास, पट्टीनं घात केला

काल संध्याकाळी कंपनीच्या ग्राहक सेवेकडून चौथं उत्तर आलं. 'सदर भाग सुटा मिळत नाही, आपण नवीन जोडी मागवू शकता.' सदर भाग म्हणजे क्रॅम्पॉनच्या, म्हणजे बर्फावर चालताना बुटाखाली बांधायच्या दातेरी पोलादी सांगाड्याच्या, तळव्याखालची एक रबरी पट्टी, तळहातापेक्षा जरा मोठी. नवीन जोडी म्हणजे ११,४०० रुपये. सायकलची ट्यूब फुटली म्हणून कुणी नवी सायकल घेतं का, असं मी परत लिहिलंय. पाचवं उत्तर यायचंय.

कंपनीचं नाव घेत नाही, मला वाद पट्टीपुरताच ठेवायचाय. मॉडेल नेहमीचंच: १२ दाती, क्रोमोली पोलाद, पुढे पट्टा आणि मागे टाचेला क्लिप. बुटाच्या टाचेला खाच हवी आणि तळवा कडक हवा, हे घेणाऱ्याला माहीत असतंच. (आपले अ‍ॅक्शन ट्रेकर बूट सह्याद्रीत देवासारखे, पण त्यांना क्रॅम्पॉन बांधायचा विचारही करू नका. मला दोघांनी विचारून झालंय.)

चौदा महिन्यांत खरा वापर १९ दिवस. जूनमध्ये मनालीजवळचं फ्रेंडशिप शिखर, ऑगस्टमध्ये लडाखातलं कांग यात्से २, आणि या मे महिन्यात बियास कुंडाच्या बाजूला सराव. हिशोब केला तर दिवसाला ६०० रुपये पडले. मनालीत मला भाड्यानं २०० रुपये रोज सांगितले होते, म्हणजे ३,८०० मध्ये भागलं असतं. हा हिशोब बायकोनं माझ्या आधी केला होता.

मग घेतले कशाला? त्याचं कारण उत्तरकाशीत आहे. नेहरू पर्वतारोहण संस्थेचा, म्हणजे 'निम'चा बेसिक कोर्स केला तेव्हा सामान संस्थेचंच होतं. टेखल्याच्या कातळावरचे दिवस मजेत गेले. सह्याद्रीतले नागफणी, लिंगाणा हे कडे केलेल्या माणसाला कातळ परका नसतो, मी जरा मिरवूनही घेतलं. मग भुक्कीहून पाठीवर ओझी घेऊन तेला, गुज्जर हट असं करत डोक्रियानी बामकच्या तळावर पोचलो. बामक म्हणजे गढवालीत हिमनदी. तिथं पहिल्यांदा पायात क्रॅम्पॉन चढवले आणि आपल्याला साधं चालताही येत नाही हे पंधरा मिनिटांत कळलं. पाय फाकवून टाकायचे, नाहीतर एका पायाचे दाते दुसऱ्या पायाच्या गेटरमध्ये (बुटावरून पोटरीपर्यंतचं कापडी आवरण) अडकून माणूस तोंडावर पडतो. उतारावर घोटा वाकवून खालचे दहाही दाते एकदम टेकवायचे. चढ उभा झाला की मगच पुढच्या दोन दात्यांवर जायचं. दोरावर पाय द्यायचा नाही, चुकूनसुद्धा. मला मिळालेल्या जोडीचा पट्टा सारखा सैल व्हायचा, दर अर्ध्या तासानं मी खाली बसलेला. तेव्हाच ठरवलं, पुढच्या वेळी स्वतःचे.

आणि त्या बाबतीत पैसे वसूल झाले, हे आधी मान्य करतो. क्लिप एकदाही सुटली नाही. पट्टा न बांधता बूट उलटा धरून हलवला तरी क्रॅम्पॉन जागचा हलत नाही, मापात बसल्याची हीच खूण. दाते मी घरीच कानशीनं घासतो. ग्राइंडरवर न्यायचे नाहीत, तापले की पोलादाचं पाणी उतरतं.

आता पट्टी. या पट्टीला 'अँटी बॉलिंग प्लेट' म्हणतात आणि पहिले तीन महिने मी तिला थोतांड समजत होतो. फ्रेंडशिपवर (५,२८९ मीटर) ती होती, पण तिचं अस्तित्व जाणवलं नाही. चांगली पट्टी जाणवतच नाही, हे आता कळतंय. कांग यात्सेला निघायच्या आधी मी वजन कमी करायच्या नादात होतो. किराणा दुकानातल्या काट्यावर सगळं सामान तोललं, टूथब्रशची दांडी कापली, आणि दोन्ही पट्ट्या काढून घरी ठेवल्या. १२० ग्रॅम वाचले.

कांग यात्से २ हे ६,२५० मीटर. शिखराच्या दिवशी रात्री एकला निघतात, ते थंडीची हौस म्हणून नव्हे. रात्री बर्फ कडक असतो, हिमनदीतल्या भेगांवरचे बर्फाचे पूल घट्ट असतात, आणि ऊन चढायच्या आत उतरून यायचं असतं. आम्ही तिघे एका दोरावर, मधे मी. माझ्यामुळे उशीर झाला. उतरताना साडेदहा वाजले आणि बर्फ ओला झाला. ओला बर्फ गार पोलादाला चिकटतो, पुढच्या पावलाला तो दाबला जातो, त्यावर आणखी चिकटतो. दहा पावलांत तळव्याखाली नारळाएवढा गोळा. दाते आत, बर्फ बाहेर. बाहेरून १२ दात्यांचा माणूस, प्रत्यक्षात चेंडूंवर उभा.

उपाय कोर्समध्ये शिकवलेला होता: दर पावलाला आईस अ‍ॅक्सच्या (बर्फातल्या कुदळीच्या) दांड्यानं बुटाच्या कडेवर ठोका मारायचा, गोळा पडतो. पण उताराला दर पावलाला वाकून ठोकायचं म्हणजे तोल दर पावलाला पणाला. विसाव्या का पंचविसाव्या ठोक्याला पाय गेला. पोटावर वळलो, अ‍ॅक्सची चोच छातीचं वजन टाकून रुतवली आणि दोन्ही पाय हवेत धरले. पाय टेकवले की दाते अडकतात आणि माणूस उलटा फेकला जातो, घोटा जातो तो वेगळाच. हे डोक्रियानीवर इतक्या वेळा करून घेतलं होतं की विचार करावा लागला नाही. चार-पाच मीटर घसरलो असेन, तोवर वरून गाईडनं दोर ताणला. खाली पोचल्यावर त्यानं माझे क्रॅम्पॉन उलटे करून पाहिले. "पट्टी क्यों निकाली?" वजनासाठी, असं मी म्हणालो. तो माझ्या पोटाकडे बघून हसला.

तर पट्टीचं काम एवढंच: ती गुळगुळीत आणि लवचीक असते. पाऊल टेकलं की दबते, उचललं की फटकन फुगते आणि बर्फ झटकून टाकते. गंमत बघा. दहा दात्यांचे क्रॅम्पॉन इंग्रज गिर्यारोहक ऑस्कर एकेन्स्टाइननं १९०८ मध्ये आखले, पुढचे दोन दाते इटलीच्या लोराँ ग्रिव्हेलनं १९२९ साली जोडले. म्हणजे पोलादात करण्यासारखं बहुतेक सगळं जवळजवळ शंभर वर्षांपूर्वीच करून झालंय. त्यानंतर माझ्यासारख्या घसरणाऱ्या माणसाच्या उपयोगाची सगळ्यात मोठी भर म्हणजे ही पट्टी. आणि कंपनी नेमकी तीच सुटी विकत नाही.

मे महिन्यात डाव्या पायाची पट्टी आकड्याच्या भोकापासून फाटली. सराव चालू होता, खाली भेग नव्हती म्हणून निभावलं. डक्ट टेपचे चार वेढे देऊन अर्धा दिवस काढला. ही जुनीच युक्ती, पण दात्यांच्या कडांनी टेप दुपारपर्यंत चिरते.

इथपर्यंत शुक्रवारी लिहून ठेवलं होतं. शेवट 'घेऊ नका' असा करणार होतो. शनिवारी कंपनीतून चक्क फोन आला. पलीकडचा मुलगा शांत होता, त्यानं एकच प्रश्न विचारला: "सर, साठवताना तेल लावलं होतं का?" लावलं होतं. कोल्हापूरच्या पावसात पोलाद गंजेल म्हणून शिलाई मशीनचं तेल सढळ हातानं दात्यांना चोपडून, वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर टाकले होते. पट्ट्यांसकट. तेलानं रबर फुगतं, सैल पडतं, हे त्यानं सांगितलं आणि स्कूटर चालवणाऱ्या माणसाला हे कळायला हवं होतं. तेव्हा पट्टी फाटली यात निम्मा दोष माझा, लिहून देतो. वापरून झाल्यावर पुसून, कोरडे करून ठेवा, तेल लावायचंच तर आधी पट्टी काढा. पण सुटी पट्टी का मिळत नाही, यावर त्याच्याकडेही उत्तर नव्हतं. नव्या जोडीवर दहा टक्के सूट देतो म्हणाला. नको म्हटलं.

रविवारी क्रॅम्पॉन घेऊन चप्पल लाईनला एका ओळखीच्या मामांकडे गेलो. त्यांनी पिशवीतून काढून उलटसुलट पाहिले.

"ह्यो काय सापळा म्हनायचा का काय?"

"बर्फावर चालायचं आहे मामा. खाली बर्फ चिकटू नये म्हणून पट्टी हवी."

"चामड्याची नको मग. पानी पिऊन फुगंल."

हे कंपनीच्या चार ईमेलांत नव्हतं. गोड्या तेलाचा पाच लिटरचा कॅन आणा म्हणाले. घरून रिकामा कॅन धुऊन नेला. त्याचा पांढरा प्लास्टिकचा पत्रा त्यांनी जुन्या पट्टीच्या मापानं कापला, भोकांना रिव्हेट मारले, कडा तापवून गोल केल्या आणि मधे थोडा फुगवटा ठेवला, दाबला की टक्कन वाजतो. फुगवट्याची कल्पना त्यांची. दोन पायांचे ८० रुपये झाले.

दोन्ही पट्ट्या दोन रात्री फ्रीजरमध्ये ठेवून वाकवून पाहिल्या, तडा नाही. फ्रीजरमधला भुसभुशीत बर्फ खरवडून पोलादावर थापला तर चिकटला, पट्टीवर थापला तर सरकला. हा काही हिमनदीवरचा पुरावा नाही, खरं काय ते सप्टेंबरात कळेल. तोवर डक्ट टेपचं एक भेंडोळं पाण्याच्या बाटलीला गुंडाळून ठेवलंय.

घेणाऱ्यांसाठी: दुकानात पहिला प्रश्न पट्टी सुटी मिळते का हाच विचारा, आणि 'हो' म्हणाले तर ती तिथल्या तिथे दाखवा म्हणा. पोलादाला पाचपैकी पाच. सेवेला एक, तोही त्या फोनवरच्या मुलासाठी.

निघताना मामांनी विचारलं, "तितला बर्फ कसा असतोय, आपल्या गोळ्यावानी?"

अगदी तस्साच म्हटलं, फक्त काडी नसते.