कन्नड घाटासाठी हायब्रिड की डिझेल?
चाळीसगावचा भाचा अडलाय: दर आठवड्याला संभाजीनगर, वाटेत कन्नड घाट, तर गाडी कोणती घ्यावी?

हायब्रिड म्हणजे पेट्रोल इंजिनासोबत बॅटरीवरची मोटर. लांब चढावर तिची बॅटरी लवकर उतरते, मग सगळा भार पेट्रोल इंजिनावर आणि ॲव्हरेज पडतं. उतारावर ती पुन्हा भरते. पण पूर्ण भरली की पुढची ऊर्जा वायाच. डिझेलला कमी आरपीएमवरच, म्हणजे इंजिन हळू फिरतानाच, टॉर्क (ओढायची ताकद) मिळतो, घाटात ते तग धरतं.

मे महिन्यात पारा ४५ कडे सरकला की एसी दोन्हींचं इंधन खातो. हायब्रिडची बॅटरीही थंड ठेवावी लागते. अनेक गाड्यांत मागच्या सीटजवळ हवेची जाळी असते, ती सामानाने कधीच झाकू नका.

गावातल्या छोट्या फेऱ्यांत मात्र डिझेलचा डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) तुंबतो. जळगावातच फिरणाऱ्याने हायब्रिड घ्यावी. भाच्या, तू डिझेलच घे.