मोरपंखी भिंतींसोबत सहा महिने

शेडकार्डावरच्या इवल्याशा चौकोनात दिसलेला रंग चार भिंतींवर तसाच दिसेल, अशी अपेक्षा कोणत्याच रंगाकडून करू नये. निळसर हिरव्या, म्हणजे आपण ज्याला मोरपंखी म्हणतो, त्या रंगाकडून तर मुळीच करू नये. अभ्यासिकेसाठी आणलेल्या या गडद छटेच्या मॅट (बिनचकाकीच्या) इमल्शन रंगाबद्दल माझे मत आज अनुकूल आहे, पण पहिल्या आठवड्यात ते तसे नव्हते.

याचे कारण रंग नसून दिवा होता. या खोलीत थेट ऊन येत नाही, त्यामुळे दिवसा भिंती बऱ्याच निळ्या वाटतात. रात्री मात्र आधीपासून असलेल्या ६५०० केल्विनच्या (हा आकडा जितका मोठा, तितका प्रकाश निळसर) पांढऱ्या एलईडीखाली त्या एखाद्या दवाखान्यासारख्या थंड आणि निर्जीव दिसत होत्या. त्याजागी २७०० केल्विनचा, ९० पेक्षा अधिक सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचा १०० पैकी निर्देशांक) असलेला दिवा लावला. अशा प्रकाशात निळ्या लहरींचा वाटा कमी असल्याने तीच भिंत हिरव्या रंगाकडे झुकली आणि खोलीला ऊब आली. सर्वांत सुंदर वेळ मात्र तिन्हीसांजेची, दिवा लावण्यापूर्वीची. मंद उजेडात डोळ्यांतील दंडपेशी कामाला लागतात आणि त्या ५०० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळसर हिरव्या प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतात. म्हणून खुर्चीवरची लाल उशी काळवंडत जाते, तर भिंत उलट उजळल्यासारखी भासते. या परिणामाला चेक शास्त्रज्ञ पुर्किन्ये यांचे नाव आहे.

रंग लावण्याचा अनुभव इतका सुखद नव्हता. डब्यावर दोन हात पुरतील असे लिहिले होते, प्रत्यक्षात तीन लागले. गडद छटांच्या बेसमध्ये, म्हणजे ज्यात रंगद्रव्ये मिसळून छटा तयार करतात त्या मूळ रंगात, झाकण्याचे काम करणारे टायटॅनियम डायऑक्साइड फारच कमी असते, त्यामुळे खालचा पांढरा प्रायमर डोकावत राहतो. प्रायमरमध्येच करडी छटा मिसळून घेतली असती, तर कदाचित एक हात वाचला असता. सर्व डबे एका बादलीत एकत्र करून मगच रोलर हाती घेतला, हे मात्र बरे झाले; छटा मिसळणाऱ्या टिंटिंग मशीनमधून आलेल्या दोन डब्यांतला किंचित फरकही एवढ्या गडद भिंतीवर लपत नाही.

खरी तक्रार मॅट फिनिशबद्दल आहे. खुर्चीची पाठ जिथे घासते तिथे चकाकणारे डाग पडले असून, ओल्या फडक्याने पुसल्यास ते वाढतात. त्यावर ब्रशने पुन्हा रंग लावून पाहिला, तर ठिगळ स्पष्ट दिसले. अखेर ती संपूर्ण भिंत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पुन्हा रंगवावी लागली.

केवळ एकच भिंत गडद ठेवण्याची पद्धत मला या रंगासाठी पटत नाही. शेजारच्या पांढऱ्या भिंतींमुळे तिची कड कठोर होते आणि ती मागे सरण्याऐवजी अंगावर येते. चारही भिंतींना हाच रंग दिला की कोपरे विरघळतात. सोबतीला मध्यम तपकिरी लाकूड, पितळ आणि विटकरी कापड उत्तम शोभते, कारण नारिंगी-लाल हा या रंगाचा विरोधी रंग आहे. छताला मी शुभ्र पांढरा दिला, तो चुकला. तिथे मळकट पांढरा हवा होता. शयनगृहासाठी हीच छटा पुन्हा घेणार आहे, मात्र किंचित चकाकी असलेल्या सॅटिन फिनिशमध्ये.