भरती, मीटिंग की औषध? दारू सोडवायला निघालेल्या घरासाठी

घरात एकदा "आता काहीतरी करायचंच" असं ठरलं की सल्ले चहूबाजूंनी यायला लागतात. मोठे दीर म्हणतात, केंद्रात नेऊन टाका. शेजारच्या ताईंच्या भावाची दारू अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या (एए) मीटिंगने, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या बैठकीने, सुटलेली असते. ओळखीचे डॉक्टर गोळ्या सुचवतात. सासूबाईंना वाटतं, एकदा माळ घातली की मार्गाला लागेल. आणि चहात कालवायच्या पावडरीची जाहिरात कोणाच्या तरी मोबाइलवर असतेच. हे सगळे पर्याय एकाच कामाचे नाहीत, म्हणून ते शेजारीशेजारी ठेवून पाहायला हवेत. माझा कौल आधीच सांगते: पिणाऱ्याचे उपचार कुठे आणि कधी सुरू व्हायचे ते होवोत, घरच्यांनी स्वतःसाठी आधार शोधायला त्याच्या होकाराची वाट पाहू नये.

पावडर आधीच बाद करू. तिच्यात काय आहे हे तुम्हाला कळायला मार्ग नाही. काही घरांत डायसल्फिरम या दारू सोडवण्याच्या औषधाच्या गोळ्या कुटून भाजीत घालतात, तेही तितकंच घातक. हे औषध खरं आहे, डॉक्टर ते देतात, पण माणसाला सांगून आणि तपासून. ते पोटात असताना दारू घेतली की शरीरात ॲसिटाल्डिहाइड हे विषारी रसायन साचतं. चेहरा लालबुंद होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो आणि क्वचित जीवही जातो. शेवटच्या घोटानंतर किमान १२ तास गेल्याशिवाय ते सुरू करत नाहीत, आणि बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत परिणाम राहू शकतो. ज्याला आपण काय गिळतोय हेच माहीत नाही, तो सावध कसा राहणार?

आता पहिला खरा प्रश्न, शरीराचा. सकाळी उठल्याबरोबर त्याला घ्यावी लागते का? नाही मिळाली तर हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते का? पूर्वी कधी बंद केल्यावर फिट आली होती का? यातल्या एकाचंही उत्तर 'हो' असेल तर मीटिंग की केंद्र हा वाद बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टर गाठा. अशा माणसाची दारू एकदम तुटली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांच्या सुमाराला भ्रम होऊ शकतो, नसलेली माणसं दिसतात, आवाज ऐकू येतात. "खोलीत कोंडा, दोन दिवसांत उतरेल" या सल्ल्याने माणसं दगावतात. रुग्णालयात ठरावीक औषधं देऊन ती हळूहळू कमी करतात, बी-१ जीवनसत्त्व देतात आणि साधारण आठवडा-दहा दिवसांत शरीर स्थिरावतं. सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात हे कमी खर्चात होतं. मात्र इथे फक्त शरीर दारूपासून सुटतं. "सुटली एकदाची" म्हणून घरी आणलं आणि पुढे काहीच केलं नाही, तर बहुतेक वेळा पिणं परत सुरू होतं.

ज्याची नोकरी टिकून आहे आणि जो स्वतःच्या पायांनी दवाखान्यात जायला तयार आहे, त्याला बाह्यरुग्ण विभागातले उपचार पुरू शकतात. नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट ही तलफ कमी करणारी औषधं आपल्याकडे मिळतात. पण गोळी घेतली की नाही हे रोज तपासणारा पोलीस बायकोला बनवू नका. त्या पहाऱ्यात उरलंसुरलं नातंही जातं.

भरतीचं केंद्र आणि एएची मीटिंग यांतली निवड सर्वांत अवघड असते.

पुण्याच्या मुक्तांगणचं उदाहरण घेऊ. डॉ. अनिता अवचट यांच्या ध्यासातून आणि पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीतून २९ ऑगस्ट १९८६ रोजी ते सुरू झालं. तिथला निवासी उपचार ३५ दिवसांचा आहे. समुपदेशन, गटचर्चा, योग, कामाची शिस्त, आणि स्वतः दारूतून बाहेर आलेले कार्यकर्ते सोबतीला. 'सहचरी' हा पिणाऱ्यांच्या बायकांचा गट तिथे चालतो, स्त्री रुग्णांसाठी 'निशिगंध' हा वेगळा विभाग आहे. चांगल्या केंद्राचा मोठा गुण असा की माणूस रोजच्या गुत्त्यापासून आणि रोजच्या दोस्तांपासून तुटतो आणि घराला महिनाभर शांत झोप मिळते. ही झोप मी लहान मानत नाही. पोरं अभ्यासाला बसतात, दारावरच्या थापेने कोणी दचकत नाही.

उणी बाजू म्हणजे महिनाभराचा पगार बुडतो, खर्च येतो, आणि ३६व्या दिवशी तो त्याच गल्लीत परत येतो. म्हणून केंद्राला फोन कराल तेव्हा फीच्या आधी पुढचं विचारा: घरी आल्यावर फॉलोअप कसा, किती काळ, आमच्या गावाजवळ कुठे? मानसोपचारतज्ज्ञ किती वेळा येतात? घरच्यांना भेटू, बोलू देता का? कुटुंबासाठी काय आहे? यावर उत्तरं गुळमुळीत आली तर दुसरं केंद्र पाहा.

"आम्ही गाडी घेऊन येतो, रात्रीत उचलून नेतो" असं सांगणाऱ्यांपासून मात्र लांब राहा. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ मध्ये दारूच्या व्यसनाशी जोडलेले आजारही येतात. संमतीशिवाय भरती करायची वेळ आलीच, तर नामनिर्देशित प्रतिनिधीचा, म्हणजे रुग्णाच्या बाजूने उभं राहायला कायद्याने ठरलेल्या माणसाचा, अर्ज लागतो, मानसोपचारतज्ज्ञासह दोन जणांनी स्वतंत्र तपासणी करावी लागते, आणि ही भरती आधी ३० दिवसांपुरतीच असते. साखळीने बांधायला कायद्याने बंदी आहे. मारहाण सोसून परतलेला माणूस पुन्हा कुठल्याच उपचाराच्या दारात उभा राहत नाही, आणि घरच्यांवरचा त्याचा विश्वास जातो तो वेगळाच.

आता मीटिंग. अल्कोहोलिक्स अनॉनिमस १९३५ साली अमेरिकेत ॲक्रनला दोन पिणाऱ्यांच्या भेटीतून सुरू झालं. फी नाही, नोंदणी नाही, आडनाव विचारत नाहीत. दारू सोडायची इच्छा एवढीच अट. खर्च जमलेल्यांच्या ऐच्छिक वर्गणीतून भागतो. मराठीतूनही मीटिंगा भरतात. माणूस कामावर जातो आणि संध्याकाळी, नेमक्या प्यायच्या वेळी, तासभर तिथे बसतो. 'फक्त आजचा दिवस' हे सूत्र. मन डळमळू लागलं तर स्पॉन्सरला, म्हणजे आधी दारू सोडलेल्या सोबत्याला, फोन.

याला पुरावा काय, असं शिकलेली पोरं विचारतात, आणि विचारायलाच हवं. वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२०च्या आढाव्यात २७ अभ्यास तपासले होते. एएशी नीट जोडून देणाऱ्या उपचारांत वर्षभरानंतर पूर्ण दारूमुक्त राहिलेले सुमारे ४२ टक्के निघाले, इतर उपचारांत ३५ टक्के. हे अभ्यास मुख्यतः परदेशातले आहेत, तरी फुकट मिळणाऱ्या गोष्टीसाठी हे कमी नाही. मर्यादा उघड आहे: जो जातच नाही त्याच्यासाठी मीटिंग काही करू शकत नाही, आणि अंगाची थरथर ती थांबवत नाही. काहींना देवाचा उल्लेख खटकतो. तिथे 'ज्याला जसा समजला तसा' देव चालतो, तरी चार-पाच मीटिंगा बसून पाहिल्याशिवाय निकाल देऊ नये.

माळेबद्दल मी आदराने बोलेन. तुळशीची माळ गळ्यात आल्यावर दारू सुटलेली माणसं वारीच्या गावांत घरोघर आहेत. त्यामागे भजनाची संध्याकाळ आहे, विणेकऱ्याची नजर आहे, दरवर्षीची वाट आहे, म्हणजे माणसांचं मंडळ आहे. मंडळ असेल तर माळ टिकते. बायकोने पाया पडून, शपथ घालून घातलेली माळ खुंटीला लागते. आणि थरथर असेल तर माळकऱ्यालाही आधी दवाखानाच हवा.

आता घरच्यांचं. एम्सने केंद्र सरकारसाठी केलेल्या पाहणीचा २०१९चा अहवाल सांगतो की दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांत एकालाच कुठला तरी उपचार मिळतो. म्हणजे उरलेल्या ३७ घरांत उपचाराविनाच दिवस काढले जातात. त्या घरांसाठी दोन वाटा आहेत आणि त्या अगदी वेगळ्या आहेत.

पहिली अल-अनॉन, म्हणजे पिणाऱ्यांच्या घरच्यांच्या मीटिंगा. त्या १९५१ पासून चालतात, मुलांसाठी अलाटीन. तिथे त्याला कसं सुधारावं हे शिकवत नाहीत. दारू मी लावली नाही, मी ती आवरू शकत नाही, हे बाई आधी शब्दांत आणि मग अंगात उतरवते. त्याच्या साहेबांना "ताप आहे" म्हणून फोन करणं थांबतं. दुसरी वाट क्राफ्ट नावाच्या पद्धतीची. त्यात समुपदेशक घरच्यांना शिकवतो: तो न प्यालेला असताना जवळ बसा, प्यालेला असताना वाद न घालता बाजूला व्हा, त्याने केलेला पसारा आवरू नका, आणि तो पस्तावलेला असेल त्या वेळी उपचाराची गोष्ट काढा. अमेरिकेतल्या १९९९च्या एका अभ्यासात क्राफ्ट शिकलेल्या घरांतल्या ६४ टक्के पिणाऱ्यांनी उपचार घ्यायला सुरुवात केली, अल-अनॉनच्या बाजूला १३ टक्क्यांनी. पण अल-अनॉनचं ते उद्दिष्टच नाही. तुम्हाला त्याला दारापर्यंत न्यायचं असेल तर समुपदेशकाकडे क्राफ्टसारख्या कौशल्यांची मागणी करा. तुमचाच श्वास कोंडला असेल तर अल-अनॉन किंवा सहचरीसारखा गट गाठा. दोन्ही एकत्र करायला कुठलीच आडकाठी नाही.

घरात मारहाण होत असेल तर क्रम बदलतो. तिथे गोड बोलण्याचं कौशल्य नको, आधी सुरक्षित जागा. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते, त्याच घरात राहण्याचा हक्कही मागता येतो. दारूत होता म्हणून मारलं, ही सबब कायद्यात नाही.

कुठून सुरुवात करावी तेच सुचत नसेल तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मनाच्या कोंडीसाठी टेलिमानस १४४१६ हे सरकारी क्रमांक आहेत. फोन पिणाऱ्यानेच करायला हवा असं नाही. आज रात्री तो झोपल्यावर तुम्ही करू शकता.